चारशे दाणे आणि एक झाकलेला आकडा

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण कोणाचं, असं मला आजवर दोन-तीनदा जाहीर कार्यक्रमांत विचारलं गेलं आणि प्रत्येक वेळी मी एखाद्या प्राध्यापकांचं नाव सांगून मोकळा झालो. ते खोटं नव्हतं. पण सर्वांत जास्त ऋण कडूबाईंचं आहे. जालन्याच्या एका बियाणे कंपनीत, उगवण तपासायच्या खोलीत, त्या आयुष्यभर ओल्या कागदावरची रोपं मोजत होत्या. शिक्षण चौथीपर्यंत. दीड महिन्यापूर्वी मी कॉलेजातला तास संपवून स्टाफरूममध्ये आलो, तर त्यांच्या मुलीचा, सुमनचा, फोन आला. आई सकाळी गेली, म्हणाली. फार आजारी नव्हती, चहा घेतला आणि आडवी झाली. मी औरंगाबादहून जालन्यात मस्तगडला, त्यांच्या घरी, पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. दारात सतरंजीवर बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी मला विचारलं, आपण बाईंचे कोण? मी म्हणालो, आम्ही एकत्र काम केलं. त्यांनी माझ्या चष्म्याकडे, बुटांकडे पाहिलं.

मी जाफराबाद तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरचा. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. जालन्यात बी.एस्सी. झालो आणि त्याच उन्हाळ्यात कडूबाईंच्या हाताखाली लागलो. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. खोलीत दोन लांब टेबलं, एक मोठं ओलावा धरणारं कपाट आणि खिडकीखाली नळ. कापसाच्या प्रत्येक सॅम्पलमधले चारशे दाणे घ्यायचे, शंभर-शंभर करून जाड ओल्या कागदात मांडायचे, कागद गुंडाळून कपाटात उभे ठेवायचे. चौथ्या दिवशी एकदा आणि बाराव्या दिवशी शेवटचं उघडून मोजायचं. धड रोपं किती, वेडीवाकडी किती, कुजलेले दाणे किती. शंभरात पासष्ट धड निघाली तर लॉट पास, बियाणं विकायला मोकळं. ऐकायला सोपं आहे. पण धड आणि वेडंवाकडं यांच्या मधोमध काही रोपं असतात... मूळ थोडं आखूड, देठाला जरा चीर. त्यांचं काय करायचं हे पुस्तकात लिहिलेलं असतं, पण कागदावरचं रोप पुस्तकातल्या चित्रासारखं नसतं.

पहिल्या दिवशी मी दोनदा मोजलं आणि दोनदा वेगळा आकडा आला. कडूबाईंनी माझ्याकडे न बघता विचारलं, "का हो बीएस्सी, तुमच्या कॉलेजात शंभरापस्तोर शिकवित्यात का त्याच्याआधीच सुट्टी देत्यात?" तेव्हापासून मी त्यांच्यासाठी बीएस्सीच राहिलो. त्या स्वतः खळ्यावर धान्य मापताना मोजतात तसं मोजत. पहिल्याला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. प्रत्येक दहाला काडीनं कागदावर हलकी रेघ. घाई नाही, थांबणंही नाही. कितीही वेळा मोजू द्या, त्यांचा आकडा तोच यायचा.

त्या खोलीत एक पद्धत होती. ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नव्हती. सॅम्पलची पिशवी आली की तिच्यावर कंपनीसाठी बियाणं पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं नाव आणि गाव लिहिलेली चिठ्ठी असायची. कडूबाई तिला हात लावत नसत. ऑफिसातले कारकून चिठ्ठी काढून घेत, पिशवीवर नुसता नंबर टाकत आणि यादी साहेबांच्या कपाटात ठेवत. मोजणी झाल्यावरच यादी निघे. नियमात तेव्हा असं काही सांगितलेलं नव्हतं, हे कडूबाईंनी मागे लागून सुरू करून घेतलं होतं. मला हा बायकी हट्ट वाटला होता, हे आज लिहायला हरकत नाही. एकदा कारकुनांच्या नजरेतून सुटलेली एक चिठ्ठी पिशवीच्या तळाशी राहिली. बाराव्या दिवशी, गुंडाळ्या उघडताना, मी सहज म्हणालो, "मावशी, हा तर तुमच्या माहेरचा, वाटूरचाच लॉट दिसतो." त्यांची काडी थांबली. त्यांनी कागद परत गुंडाळला, पाटीत टाकला आणि हात धुतले. मी विचारलं, काय झालं. म्हणाल्या, "आता हे मला मोजता येत न्हाई. नवीन लाव." मी म्हणालो, मी मोजतो. त्या म्हणाल्या, "तू बी ऐकलंस ना? दुसरं कोनी मोजंल." बारा दिवस वाया गेले. साहेब माझ्यावर चिडले, त्यांच्यावरही चिडले. कडूबाईंनी ऐकून घेतलं आणि पुढची गुंडाळी उघडली.

दीड वर्षानं मला विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. वडिलांचं म्हणणं होतं की लागलेली नोकरी सोडून पुन्हा शाळेत बसणं हे शहाण्याचं काम नाही. मीही जवळजवळ नाही म्हणून टाकलं होतं. कडूबाईंनी रविवारी जालन्याहून एस.टी. धरली, जाफराबादला उतरल्या, तिथून जीपनं गावात आल्या. आईनं पाणी दिलं. वडील ओसरीवर बसले होते, त्यांना ही बाई कोण हेच कळेना. कडूबाई म्हणाल्या, मी तुमच्या लेकाची साहेब. वडील हसले. मग म्हणाले, पोरगा कामात वाईट हाय का? त्यावर कडूबाईंचं उत्तर मला शब्दन् शब्द आठवतं. "वाईट असता तर म्या त्याला राहू देल्ला असता, दादा. चांगला हाय म्हनून आले. मला मोजता येतं, पर मोजून काय कळालं ते मला कळत न्हाई. याला कळंल. मंग याला माह्याजवळ ठिवून काय फायदा?" वडिलांनी बराच वेळ तंबाखू मळली. शेवटी म्हणाले, बाई एवढ्या लांबून आल्या, तर जाऊ द्या पोराला. पुढच्या आयुष्यात माझ्यासाठी अनेकांनी शिफारसपत्रं लिहिली. त्यांतलं एकही इतकं थोडक्यात नव्हतं.

पुढे पीएच.डी. झाली आणि नव्वदीच्या उत्तरार्धात मी अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत दोन वर्षांच्या नेमणुकीवर गेलो. काम होतं म्युऑन नावाच्या कणाचं. पुरवणीच्या वाचकांसाठी सांगतो. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचाच दोनशेपट जड भाऊ. आकाशातून ते सतत पडत असतात, हे वाचत असतानाही तुमच्या तळहातातून जात आहेत. हा कण सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी जेमतेम दोन भागच जगतो. तो लहानशा चुंबकासारखा आणि भोवऱ्यासारखा वागतो. चुंबकीय क्षेत्रात ठेवला की त्याची आस डुलते. किती वेगानं डुलावी, हे गणितानं फार बारकाईनं काढता येतं. आता, रिकामी म्हणतो ती जागा खरं तर रिकामी नसते. तिथे नाना कण क्षणभर उमटतात आणि मिटतात, आणि जाता जाता या भोवऱ्याला बारीकसा धक्का देतात. माहीत असलेल्या सगळ्या कणांचे धक्के गणितात धरलेले असतात. तरीही मोजलेलं डुलणं गणिताशी जुळलं नाही, तर अर्थ असा निघू शकतो की धक्का देणारं आणखी कोणीतरी आहे, जे आपण अजून पाहिलेलं नाही. नवा कण थेट न दिसता त्याच्या धक्क्यावरून ओळखायचा. त्यासाठी दहा लाखांत एखाद्या भागाची चूकही चालत नाही.

मोजणाऱ्याच्या मनातली इच्छा आकड्यात उतरू नये म्हणून तिथे एक पद्धत होती. डुलण्याचा वेग ज्या घड्याळावर मोजायचा ते घड्याळच मुद्दाम किंचित चुकवून ठेवलेलं होतं. किती चुकवलं, तो आकडा मोजणीत नसलेल्या दोनच माणसांना माहीत होता, आणि तो लिफाफ्यात बंद होता. सगळ्या मोजण्या संपल्या, तपासून झाल्या, की लिफाफा उघडायचा. तोवर कोणालाच कळू शकत नव्हतं की आपलं उत्तर गणिताशी जुळतं की नाही. ही पद्धत पहिल्यांदा समजावून सांगितली तेव्हा इतर नवे लोक प्रश्न विचारत होते. मला काही विचारायचं नव्हतं. कागदपत्रांत या पद्धतीला मोठं नाव होतं. माझ्या मनात ती कारकुनांच्या यादीची पद्धत होती.

दुसऱ्या वर्षी, माझी मोजणी संपत आली असताना, वीज जाऊन आली. एक तार सैल झाली का हे बघायला मी घड्याळाच्या कपाटामागे गेलो. घड्याळ कशावर लावलंय हे दाखवणाऱ्या आकड्यांवर काळी चिकटपट्टी लावलेली असे. उष्णतेनं ती सुकून खाली लोंबत होती. आकडे माझ्यासमोर होते. मी ताबडतोब मान वळवली, पट्टी दाबून बसवली आणि तार घट्ट केली. पण मी लहानपणापासून आकडे लक्षात ठेवणारा माणूस... तो आकडा डोळ्यांत बसला तो बसला. आणि मग मी जे केलं त्याला अपघात म्हणता येणार नाही. संध्याकाळी मी वहीत वजाबाकी केली. माझं उत्तर गणिताशी जुळत नव्हतं. फरक चांगला ठळक होता.

एक दुरुस्ती करायची राहिली होती. कणांचा पहिला लोंढा आला की मोजणारी उपकरणं क्षणभर दिपतात, एकदम उजेडात आल्यावर माणसाचे डोळे दिपावेत तशी. त्याचा परिणाम उत्तरातून काढून टाकायचा असतो. माझा ढोबळ अंदाज असा होता की ही दुरुस्ती केली तर फरक कमी होईल. त्यानंतरचे तीन आठवडे मी दुसरीच कामं करत राहिलो. प्रत्येक काम आवश्यक होतं, प्रत्येकाचं कारण बरोबर होतं. तीन आठवड्यांनी मला कळलं की मी त्या दुरुस्तीपासून लांब राहतो आहे. सांगावं तर माझी दोन वर्षांची मोजणी बाद होणार होती आणि पुढची नेमणूक त्याच मोजणीवर अवलंबून होती. न सांगावं तर कोणाला कधीच कळणार नव्हतं. याच सुमारास धाकट्या बहिणीचं लग्न आलं आणि मी रजा घेऊन गावी आलो.

लग्न आटोपल्यावर मी मस्तगडला गेलो. कडूबाई तेव्हा निवृत्त झाल्या होत्या. पायरीवर बसून त्या तूर निवडत होत्या. मी काय करतो हे त्यांनी विचारलं आणि मी सांगू लागलो. म्हणालो, मोठ्या खळ्याएवढं गोल चुंबक आहे. खळ्यावर मळणीची पात धरल्यावर बैल फिरतात, तसे हे कण त्यात फिरतात. फिरता फिरता मरतात. मरताना एक बारका कण बाहेर टाकतात, तो आम्ही कडेला बसून पकडतो आणि मोजतो.

"त्यो बारका काय सांगतो?" त्यांनी विचारलं.

"मरताना त्याचं तोंड कुणीकडं होतं, ते."

त्या थांबल्या. म्हणाल्या, हे बराबर हाय. मग मी घड्याळाचं सांगितलं, पट्टीचं सांगितलं, वहीतल्या वजाबाकीचं आणि तीन आठवड्यांचंही सांगितलं. त्या सुपातले खडे वेचत होत्या.

"कोनाला सांगतलं?"

"कोणालाच नाही."

"मंग मला कामून सांगून राह्यला? मी काय तिथली साहेब हाय?"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि एक गोष्ट सांगितली, जी दीड वर्ष शेजारी बसूनही मला त्यांनी कधी सांगितली नव्हती. नोकरीला लागल्यावर थोड्याच दिवसांत वाटूरहून एक सॅम्पल आलं. चिठ्ठीवर त्यांच्या सख्ख्या भावाचं नाव होतं. बाराव्या दिवशी त्यांनी मोजलं. सदुसष्ट भरलं, लॉट पास झाला. पाऊस झाल्यावर त्या माहेरी गेल्या, तर आसपासच्या शेतांतून कापसाच्या ओळींत जागोजाग नांग्या पडलेल्या, आणि बायका वाकून मोकळ्या जागी पुन्हा बी टोबत होत्या. बी त्यांच्या भावाच्याच प्लॉटचं. त्यांनी एका ओळीत चालत चालत रोपं मोजली, मग दुसऱ्या. भाऊ बांधावर उभा होता.

"म्या खोटं न्हाई लिवलं," त्या म्हणाल्या. "ते मधल्यामधले असत्यात ना, ते मला समदे चांगलेच दिसले. आजबी वाटतं, चांगलेच व्हते. माह्या डोळ्याला माह्या भावाचं नाव ठाव होतं, एवढंच." परत आल्यावर त्यांनी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, एवढा फरक पडतोच, कोणी तक्रार केली आहे का? तक्रार कोणीच केली नव्हती. पुढे ती चिठ्ठ्या काढायची पद्धत सुरू व्हायला त्यांना दोन वर्षं लागली. एवढं सांगून त्यांनी पुन्हा सूप घेतलं. मी काय करावं हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. निघताना एवढंच म्हणाल्या, "त्वा पाह्यलं ते पाह्यलं. आता न पाह्यल्यावानी व्हत न्हाई." आणि सुमनला माझ्यासाठी भाकरी बांधून द्यायला सांगितली.

प्रयोगाचा निकाल यथावकाश जाहीर झाला. मोजलेलं डुलणं आणि गणित यांच्यात फरक निघाला. नवा कण सापडला म्हणावं एवढा तो मोठा नव्हता आणि सोडून द्यावं एवढा लहानही नव्हता. मधे गणिताच्या बाजूलाही एक चूक सापडली आणि फरक आणखी थोडा आकसला. वाद चालू आहे, बहुधा माझ्या निवृत्तीपर्यंत चालेल. मी परत आलो, औरंगाबादला शिकवू लागलो. दिवाळीच्या सुट्टीत जालन्याला जायचो. कडूबाई म्हातारपणीही तशाच होत्या. एकदा तपासायला सोबत नेलेल्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका मी त्यांच्यासमोर काढल्या, तर म्हणाल्या, नावं झाकली का रे? मी म्हणालो, विद्यापीठच नंबर टाकतं. म्हणाल्या, विद्यापीठाला आक्कल हाय मंग.

बहिणीच्या लग्नावेळच्या त्या भेटीनंतर परदेशी पोचून मी त्यांना एक पत्र लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही आणि पुढे कधी त्यांनी त्याचा विषयही काढला नाही. सुमननं सांगितलं की आई चिठ्ठ्या-पत्रं ठेवत नसे. पत्रं लिहिताना आधी कच्चं लिहायची माझी शाळेतली सवय अजून आहे, म्हणून ते माझ्याकडे राहिलं. जसं होतं तसं देतो.

ती. मावशी यांस,

बीएस्सीचा सा. नमस्कार. मी सुखरूप पोचलो. पोचल्यावर दोन दिवस प्रयोगशाळेत गेलो नाही, प्रवासानं अंग दुखतं असं कळवलं. अंग दुखत नव्हतं. तिसऱ्या दिवशी इथल्या साहेबांना सांगितलं. आकडा सांगितला नाही, कारण तो त्यांनाही माहीत असून चालत नाही. पाहिला, एवढं सांगितलं. दुरुस्ती तीन आठवडे टाळली हेही सांगितलं. ते रागावले नाहीत. कोणत्या दिवशी पाहिला आणि त्यानंतर काय काय केलं, एवढं विचारून लिहून घेतलं. मग म्हणाले, तू बोलला नसतास तर आम्हाला कळलं नसतं. मी हो म्हणालो.

माझी मोजणी बाद झाली. ती आता दुसऱ्या गटातली एक मुलगी पहिल्यापासून करणार आहे. लिफाफा उघडेपर्यंत मी तिच्याशी कामाचं एक अक्षर बोलायचं नाही. मला तारा आणि पंप तपासायचं काम दिलं आहे. पुढच्या वर्षीची नेमणूक बहुधा मिळणार नाही. वडिलांना अजून कळवलेलं नाही, मी लिहीन.

त्या मुलीची खोली माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे. ती दार उघडं ठेवते आणि फळ्यावर सगळं लिहिते. त्या दुरुस्तीपर्यंत ती पोचली की नाही, हे एका नजरेत कळेल. म्हणून मी मागच्या जिन्यानं जातो. थोडं लांब पडतं. काल तिनं चहाला बोलावलं. मी नको म्हणालो आणि कारण सांगितलं नाही. माणूस गर्विष्ठ आहे असं तिला वाटलं असणार. सध्या वाटू दे. लिफाफा उघडला की आधी तिच्याकडे चहाला जाणार आहे.

आपला,
दत्ता